सोल्डरिंगचा धूर रोज नाकात जातोय? धूर ओढणारं मशीन घेताना नेमकं काय बघायचं

मुंबईचा लॅमिंग्टन रोड घ्या, पुण्याची तपकीर गल्ली घ्या, नाहीतर तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरचं मोबाईल रिपेअरिंगचं छोटं दुकान घ्या. चित्र सगळीकडे सारखंच असतं. सहा बाय आठचा गाळा, काचेचं काउंटर, त्यामागे टेबलावर वाकलेला एक पोरगा. एका हातात सोल्डरिंग आयर्न, दुसऱ्या हातात चिमटा, डोळे मायक्रोस्कोपला. बोर्डावरून धुराची एक बारीक रेघ सरळ वर येते आणि थेट त्याच्या नाकात जाते.

तो काय करतो? तर फुंकर मारतो. धूर बाजूला होतो, काम चालू राहतं. दिवसातून पन्नास वेळा, वर्षातले तीनशे दिवस.

"इतक्याशा धुराने काय होतंय" हे या धंद्यातलं सगळ्यात कॉमन वाक्य. पण काही जणांच्या बाबतीत होतं. आणि जेव्हा होतं, तेव्हा अनेकदा हातातला धंदाच सोडायची वेळ येते. म्हणूनच आजकाल बरेच दुकानदार फ्युम एक्स्ट्रॅक्टर म्हणजे धूर ओढून घेणारं मशीन शोधतायत. ऑनलाइन बघायला गेलं की हजार-दीड हजारापासून लाखाच्या पुढपर्यंतची मशीनं दिसतात, सगळ्यांवर "९९ टक्के शुद्ध हवा" असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि डोकं गरगरायला लागतं.

तर यातलं काय बघायचं, काय सोडून द्यायचं आणि पैसे कुठे वाया जातात, हे जरा नीट समजून घेऊ.

पहिली गोष्ट, हा धूर नेमका कशाचा असतो?

बहुतेकांना वाटतं की हा शिशाचा धूर. सोल्डरमध्ये शिसं असतं, शिसं विषारी, म्हणजे धूरही शिशाचाच. ऐकायला बरोबर वाटतं, पण तसं नाही.

दुरुस्तीच्या कामात जे सोल्डर सर्रास वापरतात त्यात ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असतं. ते १८३ अंश सेल्सिअसला वितळतं. आयर्नचं टोक साधारण ३२० ते ३८० अंशांवर असतं. आणि शिसं उकळायला लागतं सुमारे १७५० अंशांना. म्हणजे आयर्नच्या तापमानाला शिशाची वाफ होऊन हवेत जायचं प्रमाण नगण्य.

मग धूर कशाचा? तर फ्लक्सचा.

तापलेल्या धातूवर हवेमुळे ऑक्साइडचा थर बसतो. तो थर काढला नाही तर सोल्डर पकडत नाही. हे काम फ्लक्स करतो. ज्यांनी लहानपणी दारात आलेला कल्हईवाला बघितलाय त्यांना हे लगेच कळेल. तापलेल्या पातेल्यात तो नवसागर टाकायचा, पांढरा धूर निघायचा आणि मग कथील चकचकीत पसरायचं. तिथला नवसागर म्हणजे कल्हईचा फ्लक्सच. फरक इतकाच की तो हे काम अंगणात उघड्यावर करायचा आणि मोबाईलवाला बंद गाळ्यात करतो.

इलेक्ट्रॉनिक्सच्या कामात नवसागराऐवजी बहुतेक वेळा राळ वापरतात. पाइन म्हणजे चीड जातीच्या झाडांच्या चिकापासून ती मिळते. सोल्डरच्या तारेच्या पोटात ती भरलेली असते, शिवाय डबीतल्या पेस्टमध्येही असते. आयर्न टेकवलं की ही राळ तापते, तुटते आणि तिच्यातून राळेतल्या आम्लांचे अतिसूक्ष्म कण आणि फॉर्मल्डिहाइडसारखे वायू बाहेर पडतात. हाच तो धूर.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवायची. धुरात दोन वेगळ्या गोष्टी असतात, कण आणि वायू. पुढे फिल्टर निवडताना सगळा खेळ यावरच आहे.

शिशाचं काय मग? शिसं धुरातून कमी आणि हातातून जास्त जातं. सोल्डर हाताळलेल्या बोटांनी वडापाव खाल्ला, बेंचवरच चहाचा ग्लास ठेवला की ते पोटात जातं. म्हणजे कितीही भारी मशीन घेतलं तरी शिशापासून वाचवणार आहे तो साबण आणि पाणीच.

पण एवढ्या धुराने खरंच काही होतं का?

होतं. राळेच्या फ्लक्सचा धूर हे कामामुळे होणाऱ्या दम्याचं ओळखीचं कारण आहे. ब्रिटनच्या कामगार सुरक्षा यंत्रणेने तर या धुरासाठी वेगळी मर्यादाच घालून दिली आहे. आठ तासांच्या सरासरीला एक घनमीटर हवेत ०.०५ मिलिग्रॅम आणि पंधरा मिनिटांच्या सरासरीला ०.१५ मिलिग्रॅम. आकडा किती बारीक आहे बघा. मिलिग्रॅमचा विसावा भाग. जिथे धूर डोळ्याला स्पष्ट दिसतोय आणि सरळ नाकाशी येतोय, तिथे ही मर्यादा ओलांडायला फार वेळ लागत नाही.

या दम्याची गंमत अशी की तो पहिल्या दिवशी येत नाही. महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं काही होत नाही. मग हळूहळू सुरू होतं. नाक गळतं, डोळे चुरचुरतात, संध्याकाळी खोकला येतो, रात्री छाती भरल्यासारखी वाटते. माणूस म्हणतो हवा बदलली. पण गावाला लग्नाला चार दिवस गेलं की बरं वाटतं आणि दुकान उघडलं की पुन्हा चालू. सुट्टीत बरं आणि कामावर त्रास, ही या आजाराची खूण. असं होत असेल तर छातीच्या डॉक्टरांकडे जाताना आपण काय काम करतो हे आवर्जून सांगायचं, कारण डॉक्टरांनी विचारलं नाही तर ते कळणार नाही.

एकदा शरीराने राळेच्या धुराशी वैर धरलं की मग अगदी थोडा धूरही पुरतो. म्हणजे ज्या कारागिराने दहा वर्षं घालून हात बसवला, त्यालाच बेंचवर बसणं अशक्य होतं. म्हणून मशीन त्रास सुरू झाल्यावर नाही, त्याच्या आधी घ्यायचं असतं.

आता काही जण म्हणतील, आमच्या फ्लक्सवर "नो-क्लीन" लिहिलंय. तर नो-क्लीन याचा अर्थ काम झाल्यावर बोर्ड पुसायची गरज नाही, इतकाच. धूर निघत नाही असा त्याचा अर्थ नाही. राळ नसलेले फ्लक्सही असतात, पण त्यांचा धूरही नाक-घसा जाळतोच.

लेड-फ्री सोल्डरचंही तसंच. ते २१७ अंशांच्या पुढे वितळतं, म्हणून आयर्न जास्त तापवावं लागतं. आणि आयर्न जितकं जास्त तापलेलं, तितका फ्लक्सचा धूर जास्त. शिसं गेलं म्हणजे धूर गेला, असं होत नाही.

टेबल फॅन, उघडं दार आणि मास्कने भागत नाही का?

टेबल फॅन लावला की धूर तुमच्या नाकासमोरून जातो, पण जातो कुठे? शेजारच्या बेंचवर. दुकानात फिरत राहतो आणि थोड्या वेळाने सगळ्यांच्याच वाट्याला येतो. शिवाय वारा थेट बोर्डावर लागला तर जॉइंट नीट तापत नाही, ही वेगळी डोकेदुखी.

दार-खिडकी उघडी असणं चांगलंच, पण धूर निघतो आयर्नच्या टोकाशी आणि वाकलेलं डोकं असतं बरोबर त्याच्या वर. गरम धूर सरळ वर जातो. खिडकीपर्यंत पोचायच्या आधी तो नाकापाशी येऊन गेलेला असतो.

मास्कचं म्हणाल तर साधा सर्जिकल मास्क या कामाचा नाहीच. एन-९५ मास्क नीट घट्ट बसवला तर कण अडवतो, पण वायू अडवत नाही. आणि आठ-दहा तास तो लावून गिऱ्हाइकाशी बोलणार कोण?

म्हणून सूत्र एकच. धूर जिथे निघतो तिथेच पकडायचा. भारताच्या १९४८ च्या कारखाने कायद्यातल्या कलम १४ मध्येही हेच तत्त्व लिहिलं गेलं. धूळ-धूर ओढणारी यंत्रणा ही धूर निघण्याच्या जागेच्या शक्य तितकी जवळ असली पाहिजे. पण तो कायदा होता कारखान्यांसाठी. दोन माणसांचं दुकान त्यात बसत नाही. म्हणजे इथे कुणी इन्स्पेक्टर येऊन सांगणार नाही, ज्याचं त्यालाच बघावं लागणार.

बाजारात मिळतं काय? ढोबळ चार प्रकार

१) टेबलावरचा छोटा पंखा. चौकोनी डबा, पुढे काळा स्पंज, मागे पंखा. हजार ते तीन-चार हजारांत मिळतो. काळा स्पंज म्हणजे कार्बन लावलेला फोम. हा काही प्रमाणात वास कमी करतो, पण बारीक कण त्याच्या आरपार जातात आणि मागच्या बाजूने पुन्हा खोलीत येतात. याचा खरा उपयोग म्हणजे धुराची दिशा बदलणं.

२) लवचीक नळी असलेलं फिल्टर मशीन. खाली एक पेटी, तिच्यात मोटर आणि दोन-तीन फिल्टर, वर वाकवता येणारी एक किंवा दोन नळ्या. नळीचं तोंड पाहिजे तिथे आणता येतं. रिपेअरिंगच्या दुकानासाठी बहुतेक वेळा हाच प्रकार योग्य ठरतो.

३) आयर्नलाच जोडलेली बारीक नळी. आयर्नच्या टोकापासून काही मिलिमीटरवर धूर ओढला जातो. पकड उत्तम, कारण अंतरच नाही. पण हात थोडा जड होतो, नळी राळेने चिकट होऊन तुंबते आणि हॉट एअरच्या कामाला तिचा काही उपयोग नाही.

४) डक्ट लावून बाहेर फेकणारी यंत्रणा. नळी, ब्लोअर आणि खिडकीतून बाहेर गेलेला पाइप. फिल्टरचा खर्च जवळपास नाही. पण बाहेर फेकायला जागा लागते.

अंतराचं गणित, म्हणजे ग्यानबाची मेख

मशीनच्या जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं ते हवेचं प्रमाण. हे बहुतेक वेळा सीएफएममध्ये असतं, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा ओढली जाते. एक सीएफएम म्हणजे तासाला साधारण १.७ घनमीटर. आकडा जितका मोठा तितकं मशीन भारी, असा समज होतो. पण त्याहून महत्त्वाचं आहे ते नळीचं तोंड धुरापासून किती लांब आहे.

फुंकर आणि श्वास यांतला फरक बघा. मेणबत्ती हातभर लांब असली तरी फुंकरीने विझते. पण तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढून ती विझवून दाखवा. नाही विझणार. फेकलेली हवा सरळ लांब जाते, ओढलेली हवा मात्र चहूबाजूंनी येते. म्हणून तोंडापासून जरा लांब गेलं की ओढ एकदम पडते. नळीच्या तोंडाचा व्यास जेवढा, तेवढ्याच अंतरावर गेलं की वेग तोंडाजवळच्या वेगाच्या दहा टक्क्यांच्या आसपास उरतो.

सोल्डरिंगचा धूर पकडायला धुराच्या जागी हवेचा वेग सेकंदाला साधारण अर्धा मीटर तरी लागतो. वेंटिलेशनच्या इंजिनिअरिंगमध्ये यासाठी एक साधं सूत्र वापरतात. लागणारी हवा = वेग × (१० × अंतराचा वर्ग + तोंडाचं क्षेत्रफळ). नळीचं तोंड आठ सेंटिमीटर व्यासाचं धरलं तर हिशोब असा येतो.

- अंतर ५ सेंमी : सुमारे ३२ सीएफएम
- अंतर १० सेंमी : सुमारे १११ सीएफएम
- अंतर १५ सेंमी : सुमारे २४४ सीएफएम
- अंतर २० सेंमी : सुमारे ४२९ सीएफएम

बघा, अंतर दहावरून वीस सेंटिमीटर केलं तर हवा जवळपास चौपट लागते. म्हणजे चाळीस हजारांचं मशीन वीतभर लांब ठेवलं तर ते दहा हजारांच्या जवळ ठेवलेल्या मशीनपुढे हरू शकतं.

टेबलावरच्या छोट्या पंख्याचं कोडंही इथेच सुटतं. तीस-पस्तीस सीएफएमचा पंखा असेल तर तो धूर नीट पकडतो फक्त चार-पाच सेंटिमीटरपर्यंत. त्याच्या पुढे थोडाफार धूर वळतो, बाकीचा वर जातो.

म्हणून मशीन बघताना पहिला प्रश्न हा, की याची नळी माझ्या कामाच्या दहा सेंटिमीटरच्या आत येऊन तिथेच उभी राहते का? काही नळ्या इतक्या ढिल्या असतात की वाकवून ठेवली की पाच मिनिटांत मान टाकते. मायक्रोस्कोप वापरणाऱ्यांनी तर हे दुकानात बघूनच घ्यायचं, कारण लेन्स आणि बोर्ड यांच्यामधल्या तेवढ्याशा जागेत हात, चिमटा आणि नळी सगळं बसायला हवं. नळीच्या तोंडाला सपाट रुंद कॉलर असेल तर फायदा होतो, मागून येणारी फुकटची हवा कमी होते आणि साधारण पाव हिश्शाने कमी हवेत तेवढंच काम होतं.

नळी ठेवायची कुठे? बोर्डाच्या मागे किंवा बाजूला, थोडी वर. धूर नाकापासून लांब जात जात ओढला गेला पाहिजे. नळी आपल्या छातीकडे ठेवली तर धूर आधी तोंडासमोरून जातो, मग मशीनमध्ये.

सीएफएमचा आकडा कधीचा आहे, हेही विचारा

पेटीवर छापलेला आकडा अनेकदा मोकळ्या पंख्याचा असतो. म्हणजे फिल्टर नाही, नळी नाही, नुसता पंखा फिरवला तर किती हवा. पण दाट फिल्टर आणि दीड मीटर नळी लावली की हवेला अडथळा होतो आणि आकडा धपकन खाली येतो. साध्या कॉम्प्युटरच्या पंख्यापुढे हेपा फिल्टर लावून घरगुती मशीन बनवणाऱ्यांचं इथेच फसतं. तो पंखा हवा ढकलतो, पण त्याच्यात दाब नसतो. अडथळा आला की तो नुसता गरगर फिरतो. दाट फिल्टरमधून हवा खेचायला ब्लोअर पद्धतीची मोटर लागते.

दोन नळ्यांचं मशीन घेणार असाल तर लिहिलेला आकडा एका नळीचा की दोन्ही मिळून, हेही विचारायचं. दोन्ही चालू असतील तर हवा वाटली जाते.

फिल्टर : एक कणांसाठी, एक वायूंसाठी

आता आठवा, धुरात कण आणि वायू दोन्ही असतात. म्हणून फिल्टरही दोन लागतात.

कणांसाठी हेपा. सोल्डरिंगच्या धुरातले बहुतेक कण एक मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो, त्यावरून अंदाज येईल. युरोपच्या मानकाप्रमाणे एच-१३ दर्जाचा हेपा अडवायला सगळ्यात अवघड आकाराचे कणही ९९.९५ टक्के अडवतो. पण नुसतं "हेपा टाइप" किंवा "हेपासारखा" लिहिलेलं असेल तर सावध व्हा. दर्जा लिहिलेला हवा.

वायूंसाठी ॲक्टिव्हेटेड कार्बन. याच्या सूक्ष्म छिद्रांत वायू अडकतात. इथे वजनाला महत्त्व. फोमवर पुसलेली काळी पावडर आणि दाण्यांनी भरलेला किलो-दीड किलोचा डबा, दोन्हींना कार्बन फिल्टरच म्हणतात, पण एक लवकर भरतो आणि दुसरा बराच काळ चालतो. साध्या कार्बनला फॉर्मल्डिहाइड फारसं पकडता येत नाही, त्यासाठी रसायन लावलेला खास कार्बन मिळतो. विचारून बघायला हरकत नाही. आणि कोकण-मुंबईकरांनी हेही लक्षात ठेवावं की हवेतल्या दमटपणाने कार्बनची ताकद कमी होते.

या दोघांच्या आधी लागतो प्री-फिल्टर. राळ चिकट असते. ती थेट हेपावर गेली तर महागडा हेपा लवकर तुंबतो. स्वस्तातला प्री-फिल्टर वेळोवेळी बदलला की हेपा जास्त टिकतो. ज्या मशीनमध्ये प्री-फिल्टर वेगळा काढता येत नाही, ते घेताना दोनदा विचार करावा.

मशीन स्वस्त आणि फिल्टर महाग, हा प्रकार प्रिंटर आणि शाईसारखाच आहे. म्हणून किंमत विचारताना तिन्ही फिल्टरची किंमत विचारायची, किती महिने चालतात ते विचारायचं आणि वर्षाचा खर्च काढायचा. आणि ते फिल्टर दोन वर्षांनी भारतात मिळणार आहेत का, हे तर आधी. फिल्टर न मिळणारं मशीन म्हणजे टेबलाखाली ठेवलेला खोका.

बाहेर सोडता येत असेल तर?

दुकानाला मागे खिडकी किंवा उघडी भिंत असेल तर डक्टचा पर्याय साधा आणि टिकाऊ. हवा बाहेरच गेली, मग फिल्टर बदलायची कटकट नाही आणि वायू-कण दोन्ही गेले.

फक्त काही पथ्यं पाळायची. पाइप आखूड ठेवायचा, वळणं कमी, आतून शक्य तितका गुळगुळीत. घड्या असलेला लवचीक पाइप लांबच लांब टाकला तर अर्धी हवा तिथेच अडते. भिंतीतल्या साध्या एक्झॉस्ट फॅनला पाइप जोडून चालत नाही, डक्टसाठीचा दाब असलेला ब्लोअर हवा. बाहेरच्या तोंडाला पावसासाठी टोपी आणि जाळी लागते. शेजाऱ्याच्या खिडकीत किंवा गॅलरीत धूर सोडला तर भांडण ठरलेलं. आणि बाहेर गेलेल्या हवेइतकी हवा आत यायला वाट ठेवावी लागते. एसी लावून दार घट्ट बंद केलं तर गार हवा बाहेर जाते आणि ओढही कमी होते.

मॉलमधल्या किंवा मार्केटच्या मधल्या गाळ्याला खिडकीच नसते. तिथे फिल्टर मशीनशिवाय इलाज नाही.

आवाज : ज्याकडे कुणी बघत नाही

मशीन कितीही चांगलं असलं तरी ते बंद असेल तर काय उपयोग? आणि ते बंद होण्याचं साधं कारण म्हणजे आवाज. गिऱ्हाइक समोर उभं आहे, फोन वाजतोय आणि कानाशी मिक्सर चालल्यासारखी घरघर. पोरगा दुसऱ्याच दिवशी बटण बंद करतो.

साधं बोलणं साधारण ६० डेसिबलचं असतं. मशीन त्याच्या खाली असावं, पंचावन्नच्या आसपास असेल तर उत्तम. डेसिबलमध्ये दहाचा फरक म्हणजे कानाला जवळपास दुप्पट आवाज, म्हणून ५५ आणि ६५ हे जवळचे आकडे वाटले तरी जवळचे नसतात. वेग कमी-जास्त करायचं बटण असेल तर चांगलं. आणि परदेशातून मागवत असाल तर मशीन २३० व्होल्टचं आहे ना, हे आधी बघा.

हे मशीन कशासाठी नाही?

बोर्ड धुवायला वापरतात ते आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल भडकन पेट घेतं. त्याची भरपूर वाफ साध्या मशीनमध्ये ओढायची नाही, मोटरची ठिणगी पुरते. त्यासाठी मोकळी हवा आणि झाकण लावलेली बाटली.

फुगलेली बॅटरी पेटली तर नळी तिकडे वळवायची नाही. ठिणगी आत गेली तर कार्बन आणि फिल्टरच पेटू शकतात. तिथे माणसांनी बाहेर पडणं महत्त्वाचं.

मागची काच काढायच्या लेझर मशीनचा धूरही वेगळा. त्यात रंग, गोंद आणि काचेची भुकटी असते. सोल्डरिंगसाठी घेतलेलं छोटं मशीन त्याला जोडलं तर फिल्टर बघता बघता भरतात. लेझरसाठी बनवलेलंच मशीन लागतं.

हॉट एअरचं मात्र उलटं आहे. तिथे बोर्डावरचा गोंदही जळतो, त्यामुळे धूर ओढायची गरज जास्त. फक्त वाऱ्याने धूर पसरतो, म्हणून नळीचं तोंड मोठं हवं आणि गरम हवेचा झोत थेट प्लास्टिकच्या तोंडावर जाणार नाही असं ठेवायला हवं.

अगरबत्ती टेस्ट

दुकानात मशीन बघायला जाताना खिशात एक अगरबत्ती आणि मोजपट्टी न्यावी. मशीन फिल्टरसकट चालू करायला सांगायचं. अगरबत्ती नळीच्या तोंडापासून पाच सेंटिमीटरवर धरायची, मग दहा, मग पंधरा. धुराची रेघ कुठपर्यंत ठामपणे आत वळते आणि कुठे वर सुटते ते बघायचं. जिथे सुटते, तिथे त्या मशीनची हद्द संपली. फक्त पेटतं टोक तोंडाच्या आत जाऊ द्यायचं नाही. दुकानदार ऑनलाइन असेल तर हाच व्हिडिओ मागवायचा.

मशीन घरी आल्यावर हीच टेस्ट महिन्यातून एकदा करायची. हद्द कमी झाली की समजायचं, फिल्टर तुंबला. मशीनच्या मागून राळेचा वास यायला लागला की कार्बन भरला. मात्र रोज त्याच वासात बसणाऱ्याचं नाक मरतं, म्हणून बाहेरून आलेल्या माणसाला विचारावं. ब्रिटनमध्ये अशा यंत्रणेची किमान दर १४ महिन्यांनी तपासणी करणं बंधनकारक आहे. इथे बंधन नाही, पण अगरबत्तीला खर्च तो कितीसा?

मग कुणी काय घ्यावं?

घरी हौसेखातर आठवड्यातून चार जॉइंट मारणाऱ्याला छोटा पंखा चालेल. तो चार-पाच सेंटिमीटरवर ठेवायचा, पाठ खिडकीकडे करून, म्हणजे त्याच्या मागून येणारी हवा बाहेर जाईल.

रोज काम, एक बेंच आणि मागे खिडकी असेल तर डक्ट आणि ब्लोअर.

रोज काम पण खिडकी नसेल तर एका नळीचं मशीन, प्री-फिल्टर, एच-१३ हेपा आणि दाण्यांचा कार्बन असलेलं. पैसे कमी असतील तर सीएफएमच्या मोठ्या आकड्यापेक्षा चांगली नळी आणि मिळणारे फिल्टर यांना आधी पैसे द्यावेत.

चार-पाच बेंच किंवा ट्रेनिंग क्लास असेल तर प्रत्येक बेंचला नळी हवीच. कोपऱ्यात एक मोठं मशीन ठेवून सगळ्यांचा धूर जात नाही. शिकणारी पोरं जास्त फ्लक्स लावतात, जास्त वेळ आयर्न टेकवून ठेवतात, त्यामुळे तिथे धूरही जास्त होतो.

आणि मशीन येईपर्यंत फुकटात होण्यासारख्या गोष्टी आहेतच. आयर्नचं तापमान कामापुरतंच ठेवणं, फ्लक्स मोजका लावणं, डोकं धुराच्या रेघेच्या बाजूला ठेवणं, आणि चहाच्या आधी हात साबणाने धुणं.

शेवटी रिपेअरिंगवाल्याचं भांडवल म्हणजे आयर्न नाही, मायक्रोस्कोप नाही. आयर्न मोडलं तर दुसरं मिळतं, बोर्ड मेला तर दुसरा लावता येतो. फुप्फुसाचा पार्ट लॅमिंग्टन रोडलाही मिळत नाही.